किलोमीटर सडू द्यायचे नाहीत

आमच्या घरात बस भाड्यानं ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.कॉम. झालेली मी एकटीच आहे. (खरं तर दहावी झालेलीही मी एकटीच आहे, पण आई म्हणते, ते आता कुणाला सांगत बसायचं नाही.)

निमित्त माझ्याच पदवीचं होतं. बुलढाण्याला आमच्या कॉलेजात पदवी वितरणाचा समारंभ होता. माझ्या मनात असं होतं, की आई, बाबा आणि मी सकाळच्या एस.टी.नं जाऊ, पदवी घेऊ आणि संध्याकाळी वडनेरला परत येऊ. बाबांच्या मनात असं होतं, की गाव जाईल.

"माईकवर तुह्यं नाव पुकारतीन, ते मले माह्या कानानं आयकाचं हाये," बाबा म्हणाले. "अन् जे मले म्हनत होते ना, का पोरीले एवढं काऊन शिकवून राह्यला, त्याईले त्याईच्या कानानं आयकवाचं हाये. सगळ्याईले नेतो!"

बाबा गवंडी आहेत. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खालच्या माणसाला हाका मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे हे वाक्य त्यांनी घरात म्हटलं तरी गल्लीत सगळ्यांना निमंत्रण पोचलं. संध्याकाळपर्यंत अडतीस माणसं तयार!

कॉलेजच्या पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'एका विद्यार्थ्यासोबत फक्त दोन पालकांना प्रवेश.' मी ते बाबांना सांगायला तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा ते इतके आनंदात दिसले, की मी तोंड मिटलं आणि पत्र पुस्तकात ठेवलं. (पुस्तकही मिटलं.)

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मलकापूरला एका बसमालकाकडे गेलो.

"किती मानसं?"

"अडतीस," बाबा म्हणाले.

"मंग बत्तीस शीटर पुरनार नाही. पन्नासवाली घ्या. एसी का साधी?"

"साधीची काच उघडते का?"

"उघडते ना."

"मंग साधी!"

मालकानं तारीख विचारली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि दातांतून हवा ओढली. "दाट तिथ हाये भाऊ त्या दिवशी. सगळीकडं लग्नं. भाव वर राहीन."

बाबा माझ्याकडे वळले. "कॉलेजात इचारून पाय बरं, तारीख मागंपुढं होते का."

"बाबा, तिथं तीनशे मुलं आहेत!"

"मंग तीनशे जनाचा फायदा होईन ना!"

मालक बोटांवर मोजू लागला. "टोल लागला तं तुमचा. डायव्हरचा भत्ता तुमचा. मुक्काम केला तं हाल्टिंग वेगळं. बऱ्हानपूरकडं गेले तं दुसऱ्या राज्याचं परमिट वेगळं. गाडी बारा घंटे. अन् कमीत कमी तीनशे किलोमीटर."

"पन आमचं तं जाऊन-येऊन शंभरच होते!"

"शंभर फिरा, नाही तं दहा फिरा. माही गाडी दिवसभर तुमच्यापाशी अडकली का नाही? भाव तीनशेचा. त्याच्यावर गेले तं वरचे वेगळे. अन् मीटर ग्यारेज टू ग्यारेज. समजलं ना बेटी?"

बाकी सगळं समजलं होतं. फक्त हे शेवटचं समजलं नव्हतं. पण तीन वर्षं शिकलेल्या मुलीनं 'म्हणजे काय?' असं विचारायचं कसं? तेही बाबांच्या देखत! मी चष्मा वर सरकवला आणि गंभीरपणे मान हलवली.

"हो हो."

बाबांनी मालकाकडे असं पाहिलं, जणू त्या खोलीतच मला पदवी मिळाली होती. "पाह्यलं? एका शब्दात समजलं तिले!"

परतीच्या वाटेवर बाबा हवेत बोटांनी काहीतरी मांडत होते. बाबांची बोटं हलू लागली की डोक्यात काहीतरी बांधकाम सुरू असतं.

"दोनशे किलोमीटर!" शेवटी ते म्हणाले. "दोनशे वाया चालले माय. कालवलेला माल संध्याकाळपर्यंत लागला पाहिजे. राह्यला का दगड होते. उद्या काही कामाचा नाही."

हा बाबांचा धर्म आहे. तगारीत वाटीभर सिमेंट उरलं, तर ते घरमालकाच्या उंबऱ्याला, न्हाणीला, नाहीतर तुळशीच्या कट्ट्याला लावून येतील, पण टाकणार नाहीत. आमच्या घराच्या ओट्याला अकरा पायऱ्या आहेत. लागतात तीन.

"नलूताई बीबीले हाये," बाबा म्हणाले. नलूताई म्हणजे माझी आत्या. "बुलढान्याहून बीबी जाऊन-येऊन एकशे सत्तर. तिले घेऊन येऊ!"

"बाबा, आत्या एस.टी.नं येणार आहे. तिनं तसं सांगितलंय."

"एस.टी.नं काऊन? इथं आपले किलोमीटर सडून राह्यले, अन् बहीन एस.टी.नं?"

मग शंभर आणि एकशे सत्तर, दोनशे सत्तर. उरले तीस. तेवढ्यात आईला आठवलं, की तिची बहीण रोहिणखेडला आहे, मोताळ्यावरून आत वळलं की झालं! अठरा त्यात गेले. उरलेले बारा बाबांनी राखून ठेवले. "वापस आल्यावर गावाले दोन फेऱ्या मारू. तुले समोर बसवून."

हा बेत मला दाखवून बाबांनी विचारलं, "बरोबर हाये ना?" बेरीज मी दोनदा तपासली. बरोबर होती. "हो हो," मी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी पहाटे पाचला बस दारात उभी राहिली. ड्रायव्हर रशीदभाई. समारंभ अकराला. वेळच वेळ!

रोहिणखेडला मावशीच्या घरची चार माणसं आणि झेंडूचा एक हार चढला. हार इतका मोठा होता, की त्याला एक सीट द्यावी लागली. "शीटा तशाही रिकाम्या हायेत," बाबा म्हणाले. बुलढाणा आलं तेव्हा सात वाजत होते. खिडकीतून मला माझं कॉलेज दिसलं. फाटकावर कमान बांधणं चाललं होतं. बस त्याच्या समोरून निघून गेली.

"बाबा, मी इथंच उतरू का?"

"एकटी? अन् आत्या काय म्हनन?"

मी कॉलेजला हात केला आणि चिखलीच्या रस्त्याला लागले.

बीबीला आम्ही नऊच्या आसपास पोचलो. आत्याला हाक मारायची, गाडीत बसवायची आणि निघायचं, पाच मिनिटं! पण पाच मिनिटं बाबांच्या हिशोबात होती. आत्याच्या हिशोबात भाऊ आला होता. तोही बस घेऊन!

"माह्या दारातून उपाशी जाशीन तं पुन्हा येऊ नको!" आत्यानं बजावलं.

"नलूताई, अकराले कार्यक्रम हाये!"

"मंग बसा लवकर! दोन घास खाले कितीक वेळ लागते?"

बेचाळीस माणसांना दोन घास खायला एक तास दहा मिनिटं लागतात. (हे मला आता कुणी विचारलं तर मी खात्रीनं सांगू शकते.) मग आत्यानं मला साडी नेसायला लावली. मग शेजारणींनी मला पाहिलं. मग बाबांनी शेजारणींना पाहिलं आणि त्यांना बसमधल्या रिकाम्या सीटा आठवल्या.

"आठ शीटा खाली हायेत! चला ना पोरीची पदवी पाहाले!"

"बाबा, एक सीट हाराची आहे..."

"हार मांडीवर घे!"

आत्या आणि तिचे सात शेजारी चढले. बस भरली. बाबांचं तोंड असं फुललं होतं, जणू शेवटची वीट पातळीत बसली. आणि घड्याळात साडेदहा झाले होते.

"रशीदभाई, जरा दाबा ना," मी रडवेल्या आवाजात म्हणाले.

"बेटी, पन्नास मानसं, सगळ्याईच्या पोटात पुरनपोळी. दाबली तं गाडी धुवाचे पैसे वेगळे."

चिखलीत आम्हाला एका लग्नाची वरात आडवी गेली. पुढं दुसरी. दाट तिथ म्हणजे काय, ते तेव्हा समजलं: भाव आधी वाढतो, रस्ता नंतर अडतो. मी घड्याळ पाहत होते, बाबा मला पाहत होते. साडेबारा वाजले तेव्हा त्यांचं फुललेलं तोंड मिटलं.

"माय, नाव पुकारून झालं अशीन का गं?"

मला 'हो हो' म्हणवेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

कॉलेजला पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. कमान उतरवत होते. मी साडीचा घोळ हातात धरून हॉलकडे पळाले, मागून एकोणपन्नास माणसं पळाली. हॉलमध्ये ओळीनं रिकाम्या खुर्च्या. साऊंडवाला माईकची वायर गुंडाळत होता. स्टेजवर आमच्या कॉमर्सच्या मॅडम उरलेली प्रमाणपत्रं गठ्ठ्यात बांधत होत्या.

"प्रज्ञा! अगं, तीन वेळा नाव पुकारलं तुझं! कुठं होतीस?"

"बीबीला, मॅडम."

"बीबीला? आणि ही सगळी... प्रज्ञा, पत्र वाचलं नव्हतंस का? फक्त दोन पालकांना परवानगी होती!"

बाबा चमकले. "दोन?" ते माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं?"

मी साडीच्या काठाकडे पाहिलं. बाबा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

तेव्हा दारातला शिपाई म्हणाला, "मॅडम, टायमावर आले असते तं सत्तेचाळीस जन फाटकाभाईरच राह्यले असते. आता हॉल खालीच हाये. बसू द्या ना."

मॅडमनी एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. आणि हसल्या. "बसा सगळे. पुढच्या ओळीत बसा!"

जेवायला बसलेले प्राचार्य उठून आले, हात पुसत. आमची माणसं पाहुण्यांच्या मऊ खुर्च्यांवर जाऊन बसली. आत्या मधोमध! पण माईक गेला होता. साऊंडवाल्यानं गुंडाळलेली वायर दाखवून मान हलवली.

"माईक काऊन लागते?" बाबा उठले. टोपी घातली. स्टेजच्या कडेला जाऊन छाती भरली आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली हाक मारावी तशी हाक मारली. माझं नाव, मग त्यांचं नाव, मग आडनाव, आणि मग थोडं थांबून, एकेक अक्षर विटेसारखं ठेवत, "बी! कॉम!"

समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. मी स्टेजवर चढले. पन्नास माणसं असा टाळ्यांचा आवाज करू शकतात, हे मला माहीत नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "सकाळपासून एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नाहीत." बाबांनी नाव आणखी दोनदा पुकारलं. (तीनदा पुकारायची पद्धत आहे, असं मॅडमच म्हणाल्या होत्या.)

परतीच्या प्रवासात मी सगळ्यात पुढं, गळ्यात झेंडूचा हार. वडनेर चार किलोमीटरवर आलं तेव्हा बाबा रशीदभाईंना गावातल्या फेऱ्यांचा रस्ता समजावू लागले.

"चाचा, कायच्या फेऱ्या? तीनशे झाले."

"कसे होतीन? बारा हायेत अजून!"

"मलकापूरहून तुमच्या गावाले आलो, ते सोळा. मीटर ग्यारेज टू ग्यारेज. बेटीले सांगितलं होतं ना शेठनं!"

बाबांनी हळूच मान वळवली. मी हारात तोंड लपवलं.

"थांबवा गाडी!" बाबा गरजले. "तीनशे म्हनजे तीनशे! उतरा सगळे! चार किलोमीटर काय, पायी जाऊ!"

पन्नास माणसं रस्त्यावर उतरली. पुढं मी हार घालून, बाजूला बाबा प्रमाणपत्र छातीशी धरून, मागं सगळा गोतावळा. आणि सगळ्यांच्या मागं, पावला-पावलानं, रिकामी बस! रशीदभाईंनी खिडकीतून डोकं काढलं.

"चाचा, मले याच रस्त्यानं जायचं हाये. खाली जाऊ का भरून जाऊ, मीटर तं तेवढंच पडनार!"

समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली. "कोन निवडून आलं बे?"

"माही पोरगी!" बाबा ओरडले. "बी.कॉम.!"

मग मात्र त्यांनी कुणाला गाडीत चढू दिलं नाही. किलोमीटरसाठी नाही, मिरवणुकीसाठी. आत्याचे गुडघे दुखू लागले, तेव्हा फक्त ती चढली आणि बसच्या खिडकीतून पुढाऱ्यासारखा हात हलवत आली.

सात शेजाऱ्यांना बीबीला आणि मावशीकडच्या चौघांना रोहिणखेडला परत सोडायचं कसं, हे हिशोबात राहूनच गेलं होतं. ते सगळे आणि आत्या आमच्याकडे चार दिवस राहिले. बाबांनी त्यांना रोज सकाळी माझी गुणपत्रिका दाखवली. त्यात सगळ्यात जास्त गुण कॉस्ट अकाउंटिंगला आहेत.

आता वडनेरात कुणालाही गाडी ठरवायची असली, की बाबा त्यांना माझ्याकडे पाठवतात. मी सगळं नीट समजावून सांगते: सीटा किती, तिथ कोणती, तास किती, किलोमीटर कुठून मोजणार. परवाच एक काका आले होते. म्हणाले, "प्रज्ञा, गाडीवाला म्हनते, भाव डिझेलच्या फरकासकट. म्हनजे काय वो?"

मी चष्मा वर सरकवला. बाबा ओट्याच्या अकराव्या पायरीवर बसून कौतुकानं ऐकत होते.

"हो हो," मी म्हटलं.