किरणोत्सारी भाऊ

धाकट्या भावाच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा मला खरोखर काळजी वाटली. ऑपरेशन नीट पार पडलं, काळजी ओसरली आणि माझा जुना आजार उलटला. मी त्याच्यावर जळतो.

उरलेल्या पेशी मारायला त्याला किरणोत्सारी आयोडीन देणार होते. थायरॉईडच्या पेशींना आयोडीनची हाव असते. त्या हावेवरच हा उपचार उभा आहे. त्यांना भूक लागावी म्हणून आधी काही दिवस आयोडीनचं मीठ आणि दूध बंद. रोज म्हशींच्या दूधकट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्याचं दूध तुटलं म्हणून अख्खी मंगळवार पेठ हळहळली. मधुमेहानं माझी साखर सुटली, तेव्हा चहावाल्यालाही पत्ता नव्हता.

औषध घेऊन तो दवाखान्यातल्या जाड भिंतींच्या खोलीत एकटा राहिला. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की अजून काही दिवस लोकांपासून लांब राहा आणि गरोदर बाईच्या तर जवळपासही नको. अंगातून किरणं निघत असतात, घामातून, लाळेतून औषध बाहेर पडतं. पोटातल्या बाळाची थायरॉईड त्यानं बिघडू शकते.

माझी मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस गेल्याची बातमी तिनं आधी काकाला सांगितली होती, मग मला.

तो ज्या तालमीत कुस्ती शिकवतो, तिथल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला: गॉगल घातलेला भाऊ आणि खाली ‘अणुशक्ती पचवणारा वाघ’. गाडी दारात आली तशी हलगी कडाडली. भाऊ उतरला, एकानं त्याच्या गळ्यात हार टाकला आणि बाकीची पोरं मिठ्या मारायला धावली.

मी ओरडलो, “लांब व्हा! अंगातून किरणं येतात त्याच्या!”

“सर, किरणं सूर्याचीबी येत्यात की!” एक जण म्हणाला. “म्हणून काय उन्हात जायचं न्हाय व्हय?”

तेवढ्यात मुलगी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला बाहेर आली. मी आडवा झालो.

“बाबा, काकांचं कौतुक तुम्हाला कधी बघवलंय?” म्हणाली आणि मला वळसा घालून निघाली. डॉक्टरांचं म्हणणं माझ्या तोंडून आलं, एवढ्यानंच ते खोटं ठरलं होतं.

भावानं तिला पाहिलं. गळ्यातला हार तोडून तो गाडीत मागं शिरला, दार ओढून घेतलं, काच वर केली.

“आत जा, पोरी!” काचेआडून त्याचा बसका आवाज आला. “बाळाला सोसायचं न्हाय. जा म्हणतो न्हवं!”

हलगी थांबली. मुलगी डोळे पुसत मुकाट्यानं आत गेली. मिठीला आलेली पोरंही फुटपाथपर्यंत मागं सरकली. मी सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं, आणि तेही अर्धवट. लाळेचा तर उल्लेखसुद्धा नाही.

पुढं तो माडीवर एकटा राहिला. जेवण मी न्यायचो. ताट उंबऱ्यावर ठेवून जिन्याशी उभा राहायचो. तो आतून म्हणायचा, “दादा, अजून मागं हो.” अंतर पुरेसं असायचं, हे मी वाचलेलं होतं. तरी एक पायरी खाली उतरायचो.