माळावरच्या माझ्या शेळीला भेटायला

माझी आटपाडी तालुक्यात एक शेळी आहे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग अविनाशकडे बघतात. अविनाश माझा नवरा. त्याची सगळी श्रद्धा बँकेतल्या मुदत ठेवीवर. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशाचं काय करायचं यावरून आमच्या घरात बरेच दिवस कुरबूर चालली होती. मुलीनं ‘शाश्वत गुंतवणूक’ या विषयावरचे लेख पाठवायचा सपाटा लावला होता. शाश्वत हा शब्द मी तोवर फक्त कीर्तनात ऐकलेला. पण कल्पना आवडली. आपला पैसा कुठं जातो, त्यानं कुणाचं भलं होतं आणि कुणाचं वाटोळं, हे आपल्याला दिसावं, एवढंच माझं मागणं.

त्यातूनच ‘अर्धली’ हे ॲप सापडलं. विट्याच्या ऋतुजा नावाच्या मुलीनं काढलेली छोटीशी कंपनी, माणसं मोजकीच. कल्पना गावाकडची, जुनीच. आपण शेळी घेऊन द्यायची, गावातल्या बाईनं ती राखायची, होणारी पिल्लं निम्मी निम्मी. शेळीचा विमाही असतो. ती मेली तर भरपाई आपल्याला मिळते आणि राखणारीवर काही बोजा येत नाही. चव बघावी म्हणून गेल्या वर्षी मी एकच शेळी घेतली. मोबाईलवर तिचा फोटो आला. काळी, कपाळावर पांढरा चांद, डावा कान अर्धा पांढरा. मी तिचं चित्रसुद्धा काढलं. आता निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा तिकडे टाकायचा की नाही, हे ठरवायचं होतं. अविनाश म्हणाला, “आधी शेळी बघू, मग बोलू.” दिवाळीनंतरच्या गार सकाळी आम्ही पुण्याहून निघालो.

हायवेचा मोह टाळून सासवड, नीरा, लोणंद असा रस्ता धरला. जाणार असाल तर हाच धरा. रस्ता बराचसा चांगला आहे आणि टोलची कटकट नाही. लोणंदला कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, पण त्या निमित्ताने मिसळ झाली. दोघांचा नाश्ता चहासकट दोनशेच्या आत. फलटण सोडलं की ऊस हळूहळू मागे राहतो, घाट चढून दहिवडीकडे आलं की जमीन उघडी पडते. गवत पिवळं, बाभळी, लांबवर मेंढरांचा एखादा कळप.

औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो. वर वारा असा की अविनाशची टोपी दोनदा उडाली. देवीपुढे उभी राहून मी शेळीसाठी काही मागितलं का, असं त्यानं विचारलं. मागितलं होतं, पण सांगितलं नाही.

विट्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लॉज स्वच्छ, भाडं हजाराच्या आसपास, गरम पाणी सकाळीच. जेवायला ऋतुजानं घरी बोलावलं. तिशीची, चटपटीत, बोलताना हात हलवणारी मुलगी. तिचे वडील, अण्णा, यांनी उमेदीची सारी वर्षं केरळात सोन्या-चांदीच्या गलाईत घालवली. विट्याची कितीतरी माणसं देशभर हाच धंदा करतात, जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. बाजरीची भाकरी, आमटी आणि ठेचा खाता खाता मी त्यांना विचारलं की अनोळखी मुलखात लोक तुमच्या हातात सोनं कसं देत होते?

“घट आदी सांगायची,” अण्णा म्हणाले. “सोनं आटीवलं की वजन घटतंयच. भट्टी पेटवायच्या आदीच गिऱ्हाईकाला सांगायचं, एवढं जाणार. जो म्हणतो माज्याकडं कायबी जात न्हाई, त्याच्या दुकानात पाय ठिवू नगा.”

ऋतुजा हसली. “अण्णा, माझ्याकडं खरंच कायबी गेलं नाही. आजवर एकही शेळी दगावली नाही.” पुढच्या आठवड्यात मुंबईचे मोठे गुंतवणूकदार येणार होते आणि हेच तिचं हुकमाचं पान होतं. ते पैसे आले नाहीत तर उन्हाळ्याच्या आत कंपनी बंद करावी लागेल, हेही तिनं सरळ सांगितलं. अण्णा अर्ध्या भाकरीवरच उठले. मीही मनात खूशच झाले. अशीच बातमी ऐकायला तर आले होते.

दुसऱ्या दिवशी खानापूर, भिवघाट करत आटपाडीच्या बाजूला. ऋतुजा आमच्याच गाडीत. कालव्याचं पाणी आलंय तिथं डाळिंबाच्या बागा, नाही तिथं माळ. रस्ता शेवटी शेवटी नावापुरता उरतो, लहान गाडी जपून न्या. माझी शेळी राखणाऱ्या शालनताईंचं घर अशाच माळाच्या कडेला. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावरचा पदर न ढळू देता भराभर चालणाऱ्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं, नवऱ्यानं आता थोडी शेती धरली आहे.

“आवं, या की. तुमची लेक दाखवते,” म्हणत त्यांनी दावणीची शेळी पुढं आणली. गळ्यात माझ्या नंबरचा बिल्ला. काळीभोर, छान तुकतुकीत. ऋतुजानं बिल्ला मोबाईलनं टिपला, नंबर बरोबर आला. अविनाशनं फोटोसाठी मला उभं केलं. मी शेळीच्या कपाळावर हात ठेवला आणि थांबले. चांद नव्हता. डावा कान पूर्ण काळा.

“हिचा चांद कुठं गेला?” मी विचारलं.

“मोठी झाल्यावर जातोय त्यो,” शालनताई म्हणाल्या आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या.

जे डोळ्यांनी पाहून कागदावर उतरवलं, ते मी विसरत नाही. मी त्यांच्या मागोमाग चुलीपाशी गेले. त्यांनी चुलीत एक काटकी सारली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुमची शेळी आखाडात गेली ताई. पोट फुगलं, डाक्तर येईस्तोवर संपलं. ही माजी हाय. बिल्ला काडून हिला बांदला.”

“पण मेली तर भरपाई आहे. तुमच्यावर काहीच येत नव्हतं. कळवायचं फक्त.”

“कळवायचं काय? दुसऱ्यानं इस्वासानं दिल्यालं जनावर आपल्या दावणीला मेलं, ह्ये कुटल्या तोंडानं सांगायचं? माजी आय अर्दलीनं शेळ्या राकायची. मेलं तर घरातलं बांदायची, पन मालकाला दावन रिकामी न्हाई दाखवली कवा. ऋतुजाला सांगू नगा.”

ऋतुजा दारातच उभी होती. पाणी मागायला आली असावी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल असं मला वाटलं. ती उंबऱ्यावर बसली.

“मावशी, असं आणिक कुणी केलंय?”

शालनताईंना प्रश्नच नवलाचा वाटला. “सगळ्याच करत्यात की. त्यात काय?”

चहा उतू गेला. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही. वर्षभर मी मैत्रिणींना तो फोटो दाखवत होते, बघा, माझा पैसा कुणाचं तरी भलं करतोय. आणि इथं एका बाईनं स्वतःची शेळी माझ्या नावावर बांधली होती, तिच्या पिल्लांतला निम्मा वाटाही मलाच मिळणार होता. ऋतुजाचं हुकमाचं पान अशा घराघरातल्या शेळ्यांवर उभं होतं, आणि ते तिलाही ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर भिवघाट गाठला. मग ऋतुजा म्हणाली, “मुंबईवाल्यांना हे सांगितलं तर ते हात आखडतील. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुम्ही टाकणार होता ना पैसे?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. खोटं बोलवेना.

घरी येताना साताऱ्यावरून आलो, कंदी पेढे घेतले, खंबाटकीला गर्दी लागली. पेट्रोल, राहणं, खाणं धरून दोघांची सहल सात हजारांत झाली. सीताफळांची एक पाटी शालनताईंनी जबरदस्तीनं गाडीत ठेवली होती. ती शेजाऱ्यांत वाटताना शेळी कशी आहे असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणे, बरी आहे.

काही आठवडे गेले. एका दुपारी ॲपवर निरोप आला. ‘आपली शेळी आखाडात दगावली. तिच्या जागी बांधलेली शेळी शालनताईंची असून ती पिल्लांसह त्यांच्या नावे परत केली आहे. विमा कंपनीकडे उशिरा मागणी केल्यामुळे आपली भरपाई आम्ही कंपनीतर्फे देत आहोत.’ खाली ऋतुजानं दगावलेल्या सगळ्या शेळ्या गावागणिक जाहीर केल्या होत्या. बऱ्याच होत्या. पुढच्या वर्षीही काही जाणार, किती ते आत्ता सांगता येत नाही, असंही लिहिलं होतं. मुंबईच्या लोकांनी हात आखडला, हे मला फोनवर तिच्याचकडून कळलं. उन्हाळा ओलांडू की नाही, तेही तिला माहीत नव्हतं. अण्णा मात्र दुसऱ्यांदा भाकरी वाढून घेऊन जेवले म्हणाली.

अविनाशनं तो निरोप चष्मा लावून दोनदा वाचला. “इतकी वाईट बातमी आपणहून कळवणारं कुणी मी पाहिलं नव्हतं,” तो म्हणाला. “टाक. बुडाले तर बुडाले, पण कसे बुडाले ते तरी कळेल.”

हा कुणाला सल्ला नाही. आपापला खिसा, आपापली झोप. आम्ही सगळे पैसे नाही, पण ठरवले होते तेवढे टाकले. एक शेळी शालनताईंच्याच दावणीला द्या, असं ऋतुजाला मुद्दाम सांगितलं.

चार दिवसांनी फोन वाजला. शालनताई. शेळी पोचली, पायगुणाची दिसते, असं सांगून झालं. मग म्हणाल्या, “ताई, ही मेली तर पयलं तुमालाच सांगीन बगा.”

शुभ बोलायच्या वेळी हे काय, असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. मी फोन ठेवला आणि कपाटातून चांदवाल्या शेळीचं चित्र काढून भिंतीवर लावलं.