मशीनने विचारलं होतं

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठायचो. आता घरात चहा घेणारं दुसरं कुणी राहिलं नाही. ज्याला हे सांगायला हवं होतं, तो तांडेलही मागच्या दिवाळीच्या आधी गेला. त्याच्या गावात अजून सगळे म्हणतात की त्याची बोट मशीनने चुकून पकडली. हे खोटं आहे. मशीनने मला विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

मी मूळचा जळकोटकडचा. आमच्याकडे पोहायला शिकायचं ते विहिरीत, तेही विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. नोकरी मात्र लागली ती थेट समुद्रावर, दक्षिण कोकणातल्या एका लहान बंदरात. मासेमारीच्या बोटींचे परवाने तपासायचे, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत कुणी बाहेर पडत नाही ना ते बघायचं. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. आम्ही ज्याच्या घरात भाड्याने राहायचो, तो स्वतःच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. त्याचा धाकटा भाऊही त्याच घरात. अविवाहित, अबोल, लहान होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी एकटाच जाळं टाकणारा.

सुरुवातीला माझ्या बायकोला मासळीच्या वासाने जेवण जात नसे. पुढे तीच बाजारात बांगडा उलटासुलटा करून भाव पाडायला लागली. तिला भाऊ नव्हता. नारळी पौर्णिमेला तांडेल समुद्राला नारळ घालायला निघाला की ती आधी त्याच्या हातात राखी बांधायची. तेव्हापासून तो मला बंदरावर साहेब आणि घरी भावोजी म्हणायचा. बंदरावर मी त्याला दोनदा दंड केला. त्या दिवशी घरी जेवताना तो मला मुद्दाम माशाचं शेपूट वाढायचा.

एक आठवण इथे सांगणं भाग आहे. एका दुपारी दुसऱ्या बोटीवरचा एक खलाशी पाण्यात पडला. तांडेल शोधायला निघाला तेव्हा मी त्याच्या बोटीवर कागद बघत होतो, तसाच बरोबर गेलो. तो बोट आखूड पट्ट्यांनी फिरवत होता, आपल्याकडे पेरताना तिफण फिरते तशी. जायचं, वळायचं, पहिल्या पट्ट्याला लागून परत यायचं. प्रत्येक वळणावर तो इंजिन बंद करायचा. मला वाटलं, काही बिघडलं. त्याने तोंडावर बोट ठेवलं. बोटीवरचे सगळे श्वास धरून उभे होते. लाटांच्या आवाजात माणसाची हाक ऐकू येते का, ते ऐकत होते. कितव्या तरी वळणावर ती हाक आली. खलाशी जाळ्याच्या बोयाला धरून तरंगत होता. जिवंत सापडला.

म्हणजे समुद्रात माणूस कसा शोधतात, हे मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर आम्ही लातूरला घर घेतलं. मुलगी हैदराबादला दिलेली. लातुरात मला करमेना. तेवढ्यात एका खासगी कंपनीचा फोन आला. उपग्रहाच्या मदतीने चोरटी मासेमारी पकडायचं काम त्यांनी घेतलं होतं आणि समुद्र माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता. ऑफिस नांदेडला, कारण तिथे जागा आणि पोरं दोन्ही स्वस्त. खाली बियाणं-खतांचं दुकान, वर आमचा समुद्र. जिन्यात सोयाबीनच्या बियाण्याचा आणि औषधांचा उग्र वास असायचा. आम्ही नांदेडात दोन खोल्या घेतल्या आणि मी पुन्हा डबा घेऊन कामावर जायला लागलो.

काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. बोटीवर एक डबी बसवलेली असते. तिचा सिग्नल उपग्रहाकडे जातो आणि तिथून आमच्या पडद्यावर ठिपके उमटतात. ठिपक्यांची चाल बघून मशीन ओळखतं की बोट नुसती चालली आहे की जाळं ओढते आहे. डबी बंद करून येणाऱ्या मोठ्या बोटीही सुटत नाहीत, उपग्रहाचं रडार त्यांना ढगांतूनही टिपतं. पूर्वी अशा बोटी किनाऱ्याजवळ घुसून लहान मच्छीमारांचं सगळं ओरबाडून न्यायच्या आणि आम्ही दुर्बीण घेऊन हात चोळत बसायचो. आता त्या पकडल्या जात होत्या. मशीनला खात्री असली की ते स्वतःच कळवायचं. खात्री नसली की माणसाला विचारायचं. तो माणूस म्हणजे आम्ही. पडद्यावर तीन बटणं असायची: मासेमारी आहे, मासेमारी नाही, सांगता येत नाही. तिसरं दाबलं की वरचा माणूस बंदरावर फोन करून चौकशी करायचा.

ऑफिसातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. हदगावचा एक जण रोज काहीतरी काढायचा.

“काका, हे मशीन आमच्या मोंढ्यात लावा की. सोयाबीनमध्ये माती कोण मिसळून राहिलंय ते तरी कळंल.”

“तुझाच बाप निघाला तर?”

“तर मी ‘सांगता येत नाही’ दाबतो.”

सगळे हसायचे, मीही.

पहिल्याच वर्षी कंपनीने मला त्या बंदरावर पाठवलं. लोक डबी बसवायला तयार नव्हते. आपल्या मागावर शिपाई कशाला बसवून घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मी तांडेलाच्या ओट्यावर बसून समजावलं की ही डबी फक्त पकडायला नाही. अडचणीत सापडलात तर कुणीतरी बघत असतं.

तांडेलाने विचारलं, “थंय कोण बगूक असतलो?”

मी म्हणालो, “मी असेन.”

“मगे बसवा,” तो म्हणाला. त्याने बसवली म्हणून गावाने बसवली.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. बंदीचे दिवस, इंजिनाच्या बोटी किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या असतात. बिनइंजिनाच्या होडीला तेवढी मुभा असते. अशा दिवसांत पडद्यावर फारसं काही येत नाही, त्यामुळे जे येतं ते उठून दिसतं. त्या आठवड्यात मी त्या बंदराजवळचे एक-दोन संशयित ठिपके ‘मासेमारी नाही’ म्हणून सोडले होते. ते योग्यच होतं. पण आमचे सर, माझ्या मुलीच्या वयाचे, सगळ्यांसमोर म्हणाले, “काकांच्या बंदरातल्या बोटी सगळ्या सोवळ्यातल्या.” पोरं हसली. हदगावचा तर जास्तच हसला. आयुष्यभर मी ओळखीच्या माणसालाही दंड केला होता आणि आता खतांच्या दुकानावर बसून हे ऐकायचं. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पडद्यावर एक बोट आली. बंदीचे दिवस आणि बोट इंजिनाची. तिचा नंबर मला पाठ होता. तांडेलाची बोट.

ती खाडीच्या तोंडाबाहेर आखूड पट्ट्यांनी फिरत होती. प्रत्येक वळणावर ठिपके एकावर एक साचले होते. म्हणजे तिथे बोट थांबत होती. मशीनने खाली लिहिलं होतं की चाल मासेमारीसारखी आहे, पण थांबे नेहमीसारखे नाहीत, खात्री नाही, कृपया तपासा.

मला तेव्हा उमगलं नाही, असं मी पुढे किती तरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला ते थांबे दिसले. तोंडावर बोट ठेवलेला तांडेल मला आठवला. जाळं टाकायचं असतं तर त्याने आधी डबी बंद केली असती, हेही मनात येऊन गेलं. आणि त्याच वेळी सर माझ्या मागून चहाचा कप घेऊन जात होते. ते थांबले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं की नाही, तेही मला ठाऊक नाही. तिसरं बटण दाबलं तर ते पुन्हा काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी पहिलं दाबलं: मासेमारी आहे.

संध्याकाळी घरी जाताना माझी मान ताठ होती. हेही लिहायलाच हवं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. धाकटा सकाळी होडी घेऊन गेला होता. होडी उलटी होऊन वाहत आली, तो आला नाही. गावाने झावळ्या ओढून काढल्या आणि बोट ढकलून पाण्यात घातली. बराच भाग त्यांचा बघून झाला होता, तेवढ्यात गस्तीची बोट आली. तांडेलाने भाऊ हरवल्याचं ओरडून सांगितलं. बंदीत सापडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो, आणि गस्तीवाल्यांच्या हातात तर पक्का निरोप होता. त्यांनी बोट बंदरात आणली. गावकऱ्यांनी उलटी होडी दाखवली तेव्हा त्यांना पटलं. तेही मग शोधायला निघाले, पण तोवर उजेड गेला होता आणि वारा वाढला होता. धाकटा दोन दिवसांनी खालच्या गावाच्या वाळूवर सापडला. गस्तीची बोट आली तेव्हा तो जिवंत होता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. तो कधीच गेला होता, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. पण बोयाला धरून तरंगणारा तो खलाशी मी पाहिलेला आहे.

बायकोला गावाकडून फोन आला. मी कामावरून आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

“तुमच्या मशीननं धरलं म्हणं भाऊला. खरं हाय का?”

“हाव,” मी म्हणालो. “मशीननं.”

“तुम्ही कुठं होता मग?”

मी म्हणालो, मी जेवायला गेलो होतो.

तिने पुन्हा विचारलं नाही. तांडेलालाही तिने फोनवर तेच सांगितलं. मी महिनाभरात काम सोडलं, डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलं. आम्ही लातूरला परत आलो. त्या नारळी पौर्णिमेला तिने राखी पोस्टाने पाठवली. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्या वर्षी ती नव्हती.

तिच्या दहाव्याला तांडेल आला. अख्खी रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून, कोल्हापूर, सोलापूर असं बस बदलत. आमच्या भावकीतल्या लोकांना तो कोण ते कळेना. मी म्हणालो, हिचा भाऊ. तो कोपऱ्यात सतरंजीवर बसून राहिला. लातूरच्या उन्हाने त्याचा काळा चेहराही लाल झाला होता. माणसं पांगल्यावर आम्ही दोघंच उरलो. नळाला पाणी यायचा दिवस होता, मी भांडी भरत होतो, तो मला घागर पुढे करत होता.

मीच विषय काढला. त्या दिवशी मशीनने, एवढं म्हणालो आणि त्याने पुढे केलेली घागर घेतली.

त्याने माझी मान सोडवली. “मशिनाक काय कळतला, भावोजी? तेका काय भाऊ आसा?”

मी घागर खाली ठेवली. मग तो सहज, काही आठवल्यासारखा म्हणाला, “बोट पाण्यात घातल्यार मी पयलो सिग्नल चालू केलंय. म्हटलंय, भावोजी बगत असतले.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तो गेल्याचं सांगायला त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी उगीच बोटीची चौकशी केली. तो म्हणाला, आता आमच्या बंदरात कुणी डबी चालू ठेवत नाही. बाबाच सांगायचे, मशीनला माणूस ओळखता येत नाही. मागच्या हंगामात एका बोटीचं इंजिन बंद पडलं. सिग्नल बंद, कुणाला पत्ता नाही. बोट रात्रभर वाहत गेली, सकाळी दुसऱ्या बोटीला दिसली म्हणून वाचली. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. माझं खोटं अजून त्या समुद्रावर फिरतं आहे आणि त्यावर विश्वास ठेवणारी माणसं रोज बाहेर पडत आहेत. त्याच्या मुलाला मी हे लिखाण पाठवणार आहे. डबी चालू ठेव, गावालाही ठेवायला सांग. शंका मशीनला आली होती. ती मी दाबून टाकली.

पण मुलाला सांगणं म्हणजे तांडेलाला सांगणं नव्हे.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला लातूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. सोलापूरची गाडी लागलेली होती. त्याला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो. कंडक्टर चहाला गेला होता, म्हणजे वेळ होता. घरून निघताना मी वाक्यं जुळवून आणली होती, आरशासमोर म्हणूनही पाहिली होती. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. मनगटावर शेवटच्या पौर्णिमेच्या राखीचा दोरा होता, विटून पांढरा पडलेला. मी तो हात धरला. तो म्हणाला, “येकटे रवू नकात, थंय येवा.” गाडी सुरू झाली. मी म्हणालो, पोचलात की फोन करा.

म्हणायचं होतं ते हे: तांडेल, त्या दिवशी मी जेवायला गेलो नव्हतो. मी बघत होतो. तुम्ही इंजिन बंद करून ऐकत होता, ते मला दिसत होतं. मला माफ करा.