पर्याय ‘सी’मधला खेळाडू

अन्याय झाला तो ॲडेल पेटवे यांच्यावर. गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, इथल्या शॉमबर्ग गावच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये, भरल्या हॉलसमोर. त्यांनी बरोबर उत्तर दिलं आणि आमच्या सॉफ्टवेअरने ते चूक ठरवलं.

‘आमच्या’ म्हणते, कारण मी त्या कंपनीत डेटा इंजिनिअर आहे. आम्ही क्विझ बनवतो. लायब्ररी, बार, सीनियर सेंटर, स्टेडियम, जिथे माणसं जमतात तिथे आमचे प्रश्न जातात. बेसबॉलचे प्रश्न सगळ्यात जास्त चालतात. इथल्या माणसाला आपल्या गाडीचा नंबर आठवणार नाही, पण शाळेत असताना आपल्या आवडत्या खेळाडूने किती होम रन मारले ते तो झोपेतही सांगेल.

त्या शनिवारी सेमीफायनल होती. फायनल मे महिन्यात, गावाजवळच्या छोट्या स्टेडियममध्ये, सीझनच्या पहिल्या मॅचआधी, मोठ्या स्क्रीनवर. शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन टीम बरोबरीत होत्या. एक मिस ॲडेलची. (त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या चर्चमध्ये सगळे त्यांना मिस ॲडेलच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.) दुसरी आपल्या मराठी मंडळाची, कॅप्टन विद्याकाकू. विद्याकाकू म्हणजे माझे बॉस शिरीष यांच्या पत्नी. शिरीष यांना मी ऑफिसात ‘शिरीष’ म्हणते आणि मंडळात ‘शिरीषकाका’. बॉसच्या बायकोने बॉसच्या कंपनीची क्विझ खेळावी का? तेव्हा तसा काही नियम नव्हता. आता आहे.

प्रश्न स्क्रीनवर आला: या चार थर्ड बेसमनपैकी कोणाचं करिअर मूल्य, पूर्ण सीझनच्या हिशोबात मोजलं तर, सर्वांत जास्त? चार नावं, चौघेही तिसऱ्या बेसवर फील्डिंग करणारे. काकूंच्या टीमने ‘बी’ दाबलं. मिस ॲडेलच्या टीमने ‘सी’, आयझाया टॅली. स्क्रीनवर ‘बी’ हिरवा झाला.

मिस ॲडेल उभ्या राहिल्या. “ते माझे वडील आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि उत्तर सी आहे.”

माइक माझा सहकारी ब्रेंट याच्याकडे होता. तो म्हणाला, “सॉरी मॅम, लाडके बाबा कोण असा प्रश्न नव्हता.”

हॉल हसला. आपली मंडळीही हसली. मी लॅपटॉपमागे बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं की म्हातारीने घरच्या माणसाला मत दिलं.

त्या पर्स उचलून थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“हे यंत्र तुझं का, हनी?”

“माझं आणि अजून चौघांचं.”

“मग पाचही जण ऐका. मी मुलगी म्हणून सी दाबलं नाही. आकडे वाचून दाबलं. लीगने ते आता स्वतः छापलेत. जा आणि वाच.” मग जाता जाता, “आणि माझ्या आईने त्या माणसाचा युनिफॉर्म धुतलाय. नुसता भरतीचा पर्याय म्हणून बसवलेल्या माणसाला एवढा घाम येत नाही.”

सोमवारी मी वाचलं.

इथे थोडं समजावून सांगते, क्रिकेटवाल्यांनी घाबरू नये. बेसबॉलमध्ये खेळाडूची किंमत एका आकड्यात सांगायची पद्धत आहे. विचार असा: उद्या हा खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी सहज मिळणारा, साधारण कुवतीचा कोणीतरी उभा केला, तर टीम किती मॅच कमी जिंकेल? जितक्या कमी जिंकेल, तितकी या खेळाडूची किंमत. बॅटिंग, फील्डिंग, धावणं, सगळं त्यात येतं. वर्षावर्षाची बेरीज केली की झालं करिअर मूल्य.

बेरजेत अर्थातच जो जास्त वर्षं, जास्त मॅच खेळला तो पुढे राहतो. म्हणून आमच्या प्रश्नात नुसती बेरीज नव्हती, एका पूर्ण सीझनमागे किती मूल्य पडतं ते विचारलं होतं. आयझाया टॅली ज्या काळात खेळले, त्या काळात गोऱ्यांच्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. तसा लेखी नियम नव्हता, नुसतं संगनमत होतं. म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. त्या लीगचे अधिकृत सामने कमी. उरलेलं वर्षभर ही माणसं बसने गावोगाव फिरून खेळायची, आणि ते सामने कोणी हिशोबात धरत नाही. काही वर्षांपूर्वी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगने मान्य केलं की त्या लीगही तेवढ्याच मोठ्या होत्या, आणि त्यांचे आकडे मुख्य रेकॉर्डमध्ये घेतले. आमच्या कंपनीनेही ते घेतले. तेव्हा सगळ्यांना ईमेल आला होता: आम्हाला अभिमान वाटतो वगैरे. त्याखाली मीसुद्धा लाइकचा अंगठा दाबला होता.

मी चौघांचे कच्चे आकडे काढले. पूर्ण सीझनच्या हिशोबात टॅली पहिले. थोडक्यात नाही, आरामात पहिले.

मग मशीनने ‘बी’ का म्हटलं?

क्रिकेटमध्ये सर्वोत्तम सरासरीची यादी करताना ‘किमान इतके डाव’ अशी अट घालतात. नाहीतर एकाच डावात नाबाद शतक ठोकून घरी गेलेला माणूस यादीच्या डोक्यावर बसेल. आमच्याकडेही तशी चाळणी होती: करिअरमध्ये किमान इतके सामने. अट वाजवी आहे. पण ती ठरली तेव्हा या लीगचे आकडे आमच्याकडे नव्हतेच. आकडे आले, चाळणी तीच राहिली.

इथपर्यंत साधा बग होता. असे बग मी रोज चहाबरोबर खाते. पण मग माझ्या मनात आलं, टॅली चाळणीत अडकले तर पर्यायांत आले कसे? कोड उघडला. चार पर्याय उचलताना यंत्र सगळ्या खेळाडूंमधून नावं उचलत होतं. चाळणी लागत होती ती फक्त बरोबर उत्तर ठरवताना.

खुर्चीतून उठले आणि परत बसले. करिअर मूल्याचे आमचे सगळे प्रश्न एकदम चालवून बघितले. त्या लीगमधली नावं पर्यायांत पुन्हा पुन्हा येत होती. बरोबर उत्तरात एकदाही नाही. येऊच शकत नव्हती. आम्ही त्या माणसांना रेकॉर्डमध्ये घेतलं, ईमेल पाठवून अभिमान वाटून घेतला, आणि काम दिलं एकच: चुकीचं उत्तर म्हणून उभं राहायचं. देशभर, प्रत्येक बारमध्ये, प्रत्येक लायब्ररीत. कोणी त्यांचं नाव ओळखून बटन दाबलं की आम्ही लाल दिवा लावून सांगायचो, नाही बाबा, हा नव्हे.

कॉलेजात, नागपूरला, मी होस्टेलच्या पाण्यासाठी, फीसाठी, कशाकशासाठी पत्रकं लिहिलीत. तिथे समोर कुलगुरू असायचे, शत्रू कोण ते शोधावं लागायचं नाही. इथे शत्रू म्हणजे चार ओळींचा कोड होता, आणि त्याच्या शेजारच्या चार ओळी माझ्या होत्या.

लगेच शिरीषच्या केबिनमध्ये गेले. ब्रेंटही तिथेच होता.

“बग आहे, मान्य,” शिरीष म्हणाले. “तिकीट टाक, नोंद होऊ दे. जूनच्या रिलीजमध्ये फिक्स करू.”

“फायनल मेमध्ये आहे.”

“रेवती, फायनलचा याच्याशी काय संबंध?”

“मिस ॲडेलचं उत्तर बरोबर होतं. काकूंचं चूक होतं. फायनलला त्यांची टीम जायला हवी.”

शिरीष खुर्चीत मागे रेलले. “शनिवारपासून ग्रुपवर अभिनंदन चाललंय, माहितीये ना तुला? मंडळाने टी-शर्ट छापायला दिलेत.”

“टी-शर्ट घालून पब्लिकमध्ये बसता येतं.”

ब्रेंटने मुद्दा काढला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. “कमी सामन्यांत आकडे फुगतात. चाळणी काढलीस तर महिनाभर चमकलेला कोणीही वर येईल.”

“काढायची कोण म्हणतंय? मोजमाप बदला. त्या काळात त्यांच्या टीमचे जितके सामने ठरलेले होते, त्यातले बहुतेक सामने खेळला का, आणि पुरेशी वर्षं खेळला का, एवढं बघा. टॅली त्यातून सहज पार होतात. महिनाभर चमकलेला गळतो.”

“नियम सगळ्यांना सारखा असावा,” शिरीष म्हणाले. “एका गटासाठी वेगळी पट्टी लावली की उद्या दुसरा गट येतो.”

मी याचीच वाट बघत होते. “महामारीच्या सीझनला किती सामने झाले?”

“साठ. एकशे बासष्टच्या जागी.”

“त्या सीझनच्या प्रश्नांना आपण किमान सामन्यांची अट तीच ठेवली?”

“नाही. कशी ठेवणार? त्या प्रमाणात खाली आणली. नाहीतर त्या वर्षी कोणीच पात्र ठरलं नसतं.”

“ती कोणी खाली आणली?”

“मीच. का?”

“का खाली आणलीत?”

“अगं, सामनेच कमी झाले. त्यात खेळाडूंची काय चूक?”

हे वाक्य ते बोलले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ब्रेंट कार्पेटकडे बघत होता. समोरचा माणूस स्वतःच तुमचं वाक्य बोलला की आपण त्यात भर घालू नये, एवढं पत्रकं वाटताना शिकले होते.

“ठीक आहे,” शिरीष शेवटी म्हणाले. “आजच बदल. निकालही बदलू. मी दोन्ही टीमना ईमेल करतो.”

“ईमेल नको.”

“आता काय?”

“चूक माइकवर झाली. भरल्या हॉलमध्ये लोक हसले. दुरुस्ती पण माइकवर होईल. फायनलच्या आधी, स्टेडियमच्या स्क्रीनवर, तोच प्रश्न, तीच चार नावं.”

“लोकांसमोर कंपनीने सांगायचं की आमचं सॉफ्टवेअर चुकलं?”

“लोकांसमोर मिस ॲडेलना सांगितलंच होतं की त्या चुकल्या.”

त्यांनी ब्रेंटकडे पाहिलं. ब्रेंट म्हणाला, “मी वाचतो. तो जोक माझा होता.”

दुसऱ्या दिवशी शिरीष केबिनबाहेर माझ्यापाशी थांबले. “काल घरी जेवण मिळालं,” ते म्हणाले. “संवाद मिळाला नाही.” आणि पुढे गेले. काकूंनी मला फोन केला तो दोन दिवसांनी. “आम्ही बटन दाबलं, मशीनने बरोबर म्हटलं. आमची काय चूक, सांग बरं?”

“तुमची काहीच चूक नाही, काकू.”

“मग आम्ही का बाहेर?”

“कारण उत्तर सी होतं.”

“तू पण ना, फार सरळ बोलतेस,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ती तारीफ नव्हती.

मे महिन्यातली ती संध्याकाळ गार होती, वारा होता, लोक ब्लँकेटं घेऊन आले होते. आपली मंडळी टी-शर्ट घालून तिसऱ्या बेसच्या बाजूला बसली होती. मी त्यांच्या पुढच्या रांगेत बसले, तेव्हा काकूंनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. मैदानावर मिस ॲडेल आणि त्यांची टीम चार खुर्च्यांवर बसली होती, समोर दुसऱ्या सेमीफायनलमधून आलेली टीम.

ब्रेंटने माइक घेतला. या वेळी जोक केला नाही. “एप्रिलमध्ये आम्ही एक प्रश्न विचारला होता. आमचं उत्तर चूक होतं. तो प्रश्न पुन्हा दाखवतो.”

स्क्रीनवर चार नावं आली. ती अक्षरं मजल्याएवढी उंच होती. एक सेकंद काहीच झालं नाही, आणि त्या सेकंदात मी जगातल्या प्रत्येक सर्व्हरला शिव्या दिल्या. मग ‘सी’ हिरवा झाला. आयझाया टॅली. स्टेडियममधल्या अर्ध्या लोकांना हे नाव माहीत नव्हतं, तरी टाळ्या पडायला लागल्या, आधी चर्चच्या मंडळींच्या, मग सगळीकडून. मिस ॲडेल उठल्या नाहीत. मान वर करून फक्त वाचत राहिल्या, जणू कोणी पान उलटेल अशी भीती होती.

माझ्या मागच्या रांगेतून काकूंचा आवाज आला. “सी, हो ना? मी तेव्हाच म्हणत होते.”

त्यांची मुलगी सई, हायस्कूलला आहे, फोनवरून नजर न हलवता म्हणाली, “आई, यू प्रेस्ड बी.”

“तू गप्प बस गं,” काकू म्हणाल्या, आणि ब्लँकेटचं एक टोक मागून माझ्या खांद्यांवर टाकलं. “घे, गारठशील. भांडायला ताकद लागते तुला.”

आता तुम्हाला वाटेल की मिस ॲडेलची टीम फायनल जिंकली. नाही जिंकली. शेवटून दुसरा प्रश्न ग्राउंडच्या गवतावर होता, कुठल्या स्टेडियममध्ये खरं आणि कुठे खोटं, आणि तो त्यांना आला नाही. मी धावत खाली गेले. काहीतरी सांत्वनाचं बोलणार होते.

“तोंड पाडू नकोस,” मिस ॲडेल म्हणाल्या. “हे मला खरंच येत नव्हतं. जे येत नाही त्यावर हरायला मला काही वाटत नाही.” मग स्क्रीनकडे हात केला. त्यावर आता हॉट डॉगची जाहिरात होती. “ते मला येत होतं.”

नवीन चाळणी चालू आहे. आता त्या लीगमधले खेळाडू चुकीची उत्तरंही असतात आणि बरोबरही, इतर सगळ्यांसारखेच. एवढंच मागितलं होतं. माझ्या व्यवसायातला धडा कोरडा आहे: माणसाला डेटाबेसमध्ये जागा देणं सोपं असतं, ईमेलही छान लिहिता येतो. त्याला जिंकता येतं का, हे कोड चालवून बघावं लागतं.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या फोनमध्ये खेळाची एखादी क्विझ आहे, तुमच्या मंडळातही कोणीतरी क्विझ घेतं. ती उघडा. कोणाची नावं फक्त चुकीच्या पर्यायांत येतात ते शोधा. मग ती बनवणाऱ्याला लिहा आणि विचारा: किमान अट किती आहे, कोणी ठरवली, आणि ती ठरली तेव्हा कोण दाराबाहेर होतं? उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा. हा लेख आवडला असं मला कळवू नका. त्यांना लिहा, आजच.