सळाखीच्या पिंजऱ्यातला साहेब

"धरती हालली तं?" साहेब येता-जाता हेच इचारे. ना राम राम, ना जय भीम. पिल्लरच्या सळाखी दोन्ही हातानं धरून हालवे, अन् मंग आमच्या तोंडाकडे पाहे.

मिस्त्री म्हणे, "साहब, रायपुर में धरती नहीं हिलती. यहाँ तो ट्रकवाले हिलाते हैं."

"आज तक नहीं हिली," साहेब म्हणे.

हायवेच्या पुलाचा इंजिनीयर होता तो. नागपूरकडचा, म्हणून माह्याशी मराठीत बोले. मी तठी भनपुरीले घमेले उचलत होती. नवरा कारखान्यात मेला, बीरगावले घरी दोन पोट्ट्या. काम होतं, केलं.

एकदा मी इचारलं, "साहेब, सळाखीभोवतीच्या रिंगचं टोक आत वळवा, आत वळवा, काहून करता?"

त्यानं माह्या हातचा खराटा घेतला, दोरी ढिली केली अन् जमिनीवर आपटला. काड्या फाकल्या.

"मावशी, टोक आत नसन तं धक्क्यानं रिंग उघडते. मंग पिल्लरचं असं होते. वरून भरली बस जाऊन राहिली असन तं?"

समजलं. खराटा मात्र मलेच बांधा लागला.

मंग एका पिल्लरले मिस्त्रीनं घाईत टोकं बाहेरच ठेवली. सिमेंटच्या मसाल्याच्या गाड्या येऊन उभ्या. ठेकेदार म्हणे, "ढलाई होगी. नहीं तो कल दूसरा इंजीनियर आएगा."

पिल्लरच्या साच्याची एका बाजूची पाटी अजून लागाची होती. साहेब दुबळा माणूस, सळाखीच्या फटीतून आत शिरला, खाली बसला, डब्बा उघडला.

"बाहर आओ!"

"खाना खा रहा हूँ. आप डालो."

साहेबावर मसाला कोण टाकन? गाड्या वापस गेल्या. मिस्त्री म्हणे, "निकलो साहब, मोड़ देते हैं."

"पहले मोड़ो."

मी फटीतून पाणी देल्लं. हळूच म्हणे, "मावशी, नोकरी गेली वाटते."

"हव," मी म्हटलं. "पोळी खाऊन घ्या."

मिस्त्रीनं दिवसभर टोकं वळवली. साहेबानं हरेक टोकाले बोट लावून पाह्यलं, तवाच बाहेर निंघाला.

दुसऱ्या दिवशी खरंच नवा साहेब आला. ढलाई सुरू झाली. आपला साहेब रस्त्याच्या पलीकडे बॅग घेऊन उभा. नागपूरची बस आली, त्यानं जाऊ देल्ली. दुसरी आली, तेही जाऊ देल्ली. मसाला वरपर्यंत भरला, तवा त्यानं बसले हात दाखवला.