मोटारघर आणि मुशीचं तेल

माझी शाळा चौथीत सुटली. वडील गेले आणि मी कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालू लागलो. तिथून मुंबईला, मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये. आणि तिथून रावसाहेबांकडे ड्रायव्हर. आम्ही वऱ्हाडातली माणसं. पाणी म्हणजे विहिरीचं, तेही उन्हाळ्यात तळाला गेलेलं. त्यामुळे अलिबागच्या अलीकडे एका कोळीवाड्याच्या कडेला, अगदी पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, आमचं बिऱ्हाड थाटलं गेलं, तेव्हा सुरुवातीला मी समुद्राकडे पाठ करूनच जेवत असे.

बिऱ्हाड म्हणजे मोटार. लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी घर बसवलेलं. दोन्ही बाजूंना खिडक्या, भिंतीला लागून पलंग, स्टोव्हला कोनाडा, आणि डोक्यावर विजेचे दिवे. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून रावसाहेबांनी ती जुनी गाडी घेतली होती, ती बाईंसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी. बाईंना दमा होता. मुंबईत श्वास पुरेना. किनाऱ्यावर भाड्याची घरं पाहिली, तर भिंतींना ओल. ओलीचा वास आला की धाप. या लाकडी घरात मात्र वारा एका खिडकीतून शिरून दुसरीतून निघून जाई आणि बाई आडव्या होऊन झोपत. उशांना टेकून रात्र काढणारं माणूस आडवं होऊन झोपतं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात दमा आहे त्यालाच कळेल.

त्या दोघांनी मला कधी 'ए' म्हणून हाक मारली नाही. बाई माझं पान स्वतः वाढत. एवढ्यानेच मी धास्तावलेला असे. इतकं चांगलं चाललंय म्हणजे काहीतरी बिघडणार, हे माझ्या हाडात बसलेलं होतं.

थंडी सरली आणि बिघडलंच.

आधी दिवे मिणमिणायला लागले. मग रोज सकाळी बॅटरी मेलेली सापडू लागली. आदल्या संध्याकाळी इंजिन चालवून मी ती भरून ठेवायचो आणि सकाळी हॅण्डल मारमारून खांदा निखळायचा. मी डायनामो उघडला, साफ केला, बसवला. बॅटरीच्या तोंडांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गाडीजवळ कुणी नसताना, हॉर्न आपोआप वाजायला लागला.

कसा वाजला म्हणता! थांबेचना. पुळणीवर मासळी सुकत घातली होती, तिच्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. बायका हातातल्या टोपल्या टाकून उभ्या राहिल्या. मी हातातला भात टाकून धावलो आणि हॉर्नची तार उपटली. मग कुठे शांतता झाली. मी वाळूत मटकन बसलो. बटण तर मी आदल्याच दिवशी तपासलं होतं.

शेजारच्या घरची नाखवीण, म्हणजे बोटीच्या मालकाची बायको, पदर खोचून आली. "वऱ्हाड्या, तुजे गारीला भूक लागलीय. काय देत न्हाय का खायाला?"

"मावशी, गम्मत नका करू. मले काई सुचत न्हाई."

"बग, बग, रडाया लागला! आरं, माजी होरी वादळात जाते तरी मी रडत न्हाय."

ही नाखवीण बाईंची जिवाची मैत्रीण झाली होती. पौषात उन्हावाऱ्यानं घराच्या सागवानी फळ्या तडकायला लागल्या, तेव्हा हिनंच मुशी माशाच्या काळजाचं तेल आणलं होतं. कोळी होडीला लावतात ते. दोन सुनांना घेऊन, काथ्याच्या कुंच्यानं, तिनं सगळ्या घराला बाहेरून तेल पाजलं. फटींमधून ओतून ओतून पाजलं. "लाकूड पितं तवर पाजायचं," ती म्हणाली. घर लकाकलं. वास मात्र असा की रावसाहेब आठवडाभर नाकाला अत्तराचा फाया लावून बसले होते. फळ्यांच्या फटी मिटल्या हे खरं.

हॉर्नच्या त्या दुपारनंतर रावसाहेब गंभीर झाले. ते मुंबईच्या कोर्टात कारकून होते, निवृत्त झालेले, जपून बोलणारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, विजेचा खेळ आहे. तारा भिंतीतून गेल्यात आणि ही त्याच भिंतीला टेकून झोपते. होळीपर्यंत दोष सापडला तर ठीक, नाहीतर गाडी मोडीत घालू आणि मुंबईला जाऊ."

खिडकीत बाई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. नुसता खिडकीचा पडदा नीट केला. मुंबईला जाऊ म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शेडमधल्या मिस्त्रीनं मला एक युक्ती शिकवली होती. गाडीतली सगळी बटणं बंद करायची, बॅटरीची जाड तार काढायची आणि तिचं टोक बॅटरीला हलकेच टेकवून बघायचं. सगळं बंद असताना ठिणगी उडाली, तर वीज कुठेतरी चोरवाटेनं वाहतेय. मग एकेक तार सोडवत जायचं. जी सोडवल्यावर ठिणगी थांबेल, ती चोर. पण पुळणीवरच्या त्या उन्हात बारीक ठिणगी दिसणार कशी? मी अंगावर घोंगडी घेतली, डोकं बॅटरीच्या खोक्यात घातलं आणि आत काळोख करून बघू लागलो.

मागून नाखविणीचा आवाज आला, "आगं बाय, बॅटरी बालंत व्हते का काय? पानी तापवू?"

सगळ्या बायका हसल्या. मी घोंगडीत घामानं निथळत होतो. आणि ठिणगी उडत होती. सगळं बंद असताना, निळी, टपोरी.

एकेक तार सोडवत गेलो. पुढच्या दिव्यांची सोडवली, ठिणगी तशीच. हॉर्नची तर सुटलेलीच होती. शेवटी घरातल्या एका दिव्याकडे जाणारी तार उरली. ती सोडवली आणि जाड तार टेकवली. काही नाही. परत टेकवली. काही नाही. मी घोंगडी फेकून दिली. ती तार कुठे जाते हे मला पाठ होतं. बाईंच्या पलंगावरचा दिवा.

बाईंना बाहेर खुर्चीत बसवलं, पलंग सरकवला आणि आतल्या फळीचे पितळी स्क्रू काढायला लागलो. रावसाहेब दारात उभे होते. फळी हातात आली आणि मी ती तशीच धरून उभा राहिलो.

भिंतीच्या दोन फळ्यांमधल्या पोकळीत उंदरांनी घरटं केलं होतं. कशाचं? तारांवरच्या सुती वेष्टनाचं. त्या वेळी तारांना रबर आणि त्यावर सुताची वीण असे. फटींतून पाजलेलं मुशीचं तेल त्या सुतात मुरलं होतं आणि उंदरांना ती मेजवानी झाली होती. सूत खाल्लं, रबर कुरतडलं, नागडं तांबं राहिलं. गाडी उभी असताना ते भिंतीतल्या सांगाड्याच्या लोखंडी पट्टीला टेके आणि बॅटरी रिती होई. हॉर्नची तारही त्याच पोकळीतून नेलेली. ती पट्टीला चिकटली की तो बोंबले. इथपर्यंत मला समजत गेलं आणि बरंही वाटत होतं, की सापडलं बुवा.

मग मी खाली बघितलं. पट्टीच्या मागचं लाकूड काळं पडलं होतं. तळहाताएवढा डाग, मधोमध कोळसा झालेला. बोट लावलं तर भुगा सांडला. तेल प्यालेलं लाकूड, भोवती तेलकट सुताचा बोळा, आणि अलीकडे, एका पातळ फळीच्या अलीकडे, बाईंची उशी.

मागे पाहिलं तर रावसाहेब दाराच्या चौकटीला धरून खाली बसत होते. कितीदा ते लाकूड तापून विझलं असेल, आणि का विझलं असेल, ते मला आजही सांगता येत नाही.

बाईंनी बाहेरून विचारलं, "सापडलं का हो?" उत्तराची वाट न बघता त्या स्वतःच आल्या आणि बघून म्हणाल्या, "अगंबाई."

नाखवीण मागोमाग आलीच होती. मग ती हळू बोलली, "आमच्या होरीत तारा नस्तात गं बाय. मना काय ठावं." आणि बाईंचे दोन्ही हात धरून रडायला लागली. वादळात न रडणारी ती.

"चला, मुंबईला निघू," रावसाहेब म्हणाले.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "वारा पेटला नव्हता, तार पेटली होती. तारा काढा ना. मला कुठे दिव्याखाली वाचायचंय? कंदील टांगा बाहेर सुरूच्या झाडाला."

"आणि मग मला कशाला ठेवता?" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या दिवसांची धास्ती, ती त्याच क्षणी बाहेर यायची होती.

"गाडी ढकलायला," बाई म्हणाल्या.

रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि माझ्याकडे पक्कड मागितली. ज्यांनी आयुष्यात दौतीपलीकडे हात काळे केले नव्हते, ते माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून घरातल्या तारा ओढून काढू लागले. त्या दुपारी मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो याचा. इंजिनापुरत्या तारा ठेवल्या, बाकी सगळ्या उपटल्या. जळका भाग नाखव्यानं किकऱ्यानं, म्हणजे सुताराच्या छिन्नीनं, तासून काढला. नाखविणीनं आणि तिच्या सुनांनी घरट्याचे बोळे पुळणीवर नेऊन जाळले. ते कसे भडकले ते आम्ही सगळ्यांनी लांबून बघितलं.

दिवस कलताना बाई आडव्या झाल्या. आतल्या फळ्या लावायच्या राहिल्याच होत्या. भिंतीच्या बरगड्या उघड्या दिसत होत्या. मी पायरीवर बसलो.

"जेवलात का?" रावसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग जा की."

"थोडं ऐकू द्या," मी म्हणालो.

तेही माझ्याशेजारी पायरीवर टेकले. आतून बाईंचा श्वास येत होता. सरळ, न अडखळता.