अंगठ्यातला काटा

आई दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकते. डावा अंगठा कल्ल्यात घालून मासा धरायचा आणि पायाखाली दाबलेल्या कोयत्यावर कापायचा, ही तिची पद्धत. अंगठ्याला काटे लागणं नेहमीचंच. त्यामुळे नखाच्या कडेला सूज येऊन पू धरला, तेव्हा शिंगाळा माशाचा काटा आत मोडलाय असंच सगळ्यांनी धरलं. मीही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरली, परत आली. मग नखाची कड कापून पू काढला. मग बुरशी असेल म्हणून मलम. बाजारात शेजारी बसणाऱ्या काकूंनी सुई तापवून टोचलं; काळपट काहीतरी निघालं आणि सगळ्यांना बरं वाटलं. पण नख उचलतच राहिलं.

"मोठ्या हॉस्पिटलात दाखवूया," मी म्हणाले.

काकू हसल्या. "काट्यानी कोन मरतं गो? कालेजात जाऊन भित्री झालीस."

मग काखेत गाठ आली. जखम चिघळली की अशी गाठ येते, आमच्याकडे तिला अवधान म्हणतात. आईला उलट धीरच आला. "बघ, अवधान आलंय. म्हंजे काटाच हाय." डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी गोळ्या वाढवल्या.

शेवटी अंगठ्याने मासा धरवेना, तेव्हा ती माझ्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात आली. अंगठ्याचा आणि गाठीचा तुकडा तपासायला गेला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून असली बोलणी माझ्याशी होतात. नखाखाली कॅन्सर होता. वरून तो पिकलेल्या जखमेसारखाच दिसतो, त्या म्हणाल्या. अंगठा काढावा लागेल.

"काखेतल्या गाठीतही पोचलाय. आईंना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगते," म्हणाले. का म्हणाले, अजून कळत नाही.

आई बाहेर बाकावर होती, हात पदरात गुंडाळून.

"गावला का काटा?"

"नाय गो आये. काटा नव्हताच."

तिने माझ्याकडे पाहिलं, पोरीला काही कळत नाही असं हसली, आणि उजव्या हाताने काख चाचपत म्हणाली, "मंग ह्ये अवधान कशानी आलंय?"

मी तिचा तो हात काखेतून काढून माझ्या हातात घेतला.